म्हातारपण कोणाच्या पदरी? : विजेच्या मोटारीचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न चार सुशिक्षित माणसे एकत्र जमली की हल्ली हमखास निघतो, आणि तो निघाला की कोणीतरी कागद पुढे ओढतो. कागदावरचा हिशेब सहसा असा असतो : महिन्याची धाव १००० किलोमीटर. पेट्रोलची मोटार लिटरमागे १५ किलोमीटर देते आणि लिटरला शंभरावर रुपये पडतात, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. विजेची मोटार एका युनिटात ७ किलोमीटर जाते. युनिटला १० रुपये धरले तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आतच काम भागते. महिन्याला साडेपाच हजार वाचले, वर्षाला ६६ हजार, आठ वर्षांत सव्वापाच लाख. हिशेबात चूक नाही. तरीही मंडळींतील एखादे वयस्क गृहस्थ हळूच विचारतात, "आणि बॅटरी गेली तर?" क्षणभर कोणी बोलत नाही. मग एक जण हमीपत्राचा दाखला देतो, दुसरा भ्रमणध्वनीच्या बॅटरीची आठवण काढतो आणि चहा येतो.

त्या क्षणभराच्या मौनाला मोठा इतिहास आहे. विजेच्या मोटारीच्या खर्चाचा प्रश्न विजेच्या दरापाशी सुटत नाही आणि चाके फिरवणाऱ्या यंत्रापाशीही फारसा अडत नाही. तो अडतो बॅटरीच्या वयापाशी. पेट्रोलची टाकी जुनी झाली म्हणून तिच्यात कमी पेट्रोल मावत नाही. बॅटरी मात्र वापराने झिजते, न वापरताही झिजते आणि उन्हाने अधिकच झिजते. हे म्हातारपण कोणी सोसायचे? आमच्या मते गेल्या सव्वाशे वर्षांत विजेच्या मोटारीचे जे बरेवाईट झाले, ते या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळसे अवलंबून होते.

आज विजेची मोटार नवी गोष्ट वाटते, पण अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर चालणाऱ्या होत्या, १,५७५ विजेवर आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. विजेच्या गाडीला ना धूर, ना धडधड, ना हँडल मारून हात मोडण्याची भीती. १८९७मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर भाड्याच्या विजेच्या गाड्या धावू लागल्या. त्या चालवणाऱ्या कंपनीची युक्ती अशी होती, की गिऱ्हाइकाने फक्त भाडे द्यावे, गाडी नि बॅटरी दोन्ही कंपनीच्या. बॅटरी उतरली की गाडी स्थानकात येई, यंत्राच्या साहाय्याने जड पेटी ओढून काढली जाई, भरलेली पेटी आत सरकवली जाई आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. १८९९च्या मे महिन्यात जेकब जर्मन नावाच्या चालकाला ताशी १२ मैल इतक्या 'बेफाम' वेगाने गाडी हाकल्याबद्दल अटक झाली, तीही याच विजेच्या टॅक्सीत.

व्यवस्था कागदावर उत्तम होती, परंतु तिच्यामागे आलेल्या भांडवलदारांना गाड्यांपेक्षा भागरोख्यांची घाई अधिक होती. शहराशहरांत उपकंपन्या निघाल्या; बॅटरीची निगा राखणारी जाणती माणसे मात्र त्या वेगाने तयार झाली नाहीत. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव आपल्या घरच्या इन्व्हर्टरमुळे आपणांस ठाऊक आहे. ती पूर्ण उतरवून तशीच ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर क्षार धरतो, अति भरली तर पाणी आटते, सतत हादरे बसले तर पट्ट्यांवरील लेप गळून तळाशी बसतो. भाड्याच्या गाडीच्या नशिबी तिन्ही गोष्टी आल्या. वृत्तपत्रांनी या उद्योगाला 'शिशाच्या गाड्यांची मक्तेदारी' म्हणून झोडपले आणि १९०७मध्ये कंपनी बुडाली. म्हातारपणाची जबाबदारी येथे कंपनीने नावापुरती घेतली होती. सेवा केली नव्हती.

खाजगी मालकांची कथा निराळी, पण प्रश्न तोच. थॉमस एडिसन यांनी शिसे बाजूला सारून लोखंड आणि निकेल यांची बॅटरी करण्याचा घाट घातला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच तिचा मोठा गाजावाजा झाला. पहिल्या बॅटऱ्या बाजारात आल्या, तेव्हा त्या गळू लागल्या आणि त्यांची शक्ती लवकर ओसरू लागली. एडिसन यांनी विक्री थांबवली, माल परत घेतला आणि पुढली काही वर्षे प्रयोगशाळेत घालवली. दशक संपता संपता जी सुधारलेली बॅटरी आली, ती खरोखरीच दीर्घायुषी होती. अडचण किमतीची होती. 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही त्या काळातील नावाजलेली विजेची मोटार. तिच्यात एडिसनची बॅटरी हवी असेल, तर १९११पासून सुमारे ६०० डॉलर अधिक मोजावे लागत. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८मध्ये ८५० डॉलरला होती आणि १९१६मध्ये तिची किंमत ३६० डॉलरवर उतरली. म्हणजे बॅटरीचे म्हातारपण टाळण्यासाठी जी वरकड रक्कम द्यायची, तीत जवळजवळ दोन पेट्रोलच्या मोटारी येत होत्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

१९१२मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि पेट्रोलच्या गाडीचे हँडल मारणे संपले. स्वतःच्या गाडीत जिला टिकता आले नाही ती बॅटरी प्रतिस्पर्ध्याच्या घरी मात्र सुखाने नांदू लागली, कारण तेथे तिच्याकडून काम थोडे होते आणि ती बदलण्याचा खर्च कोणाच्याही डोळ्यांत येत नव्हता. पेट्रोलच्या मोटारीने विजेच्या मोटारीला हरवले ते कोणत्या एका शोधाने, याचा शोध पुष्कळांनी घेतला आहे. आम्हांस वाटते, की तिच्या मालकाला आठव्या वर्षी काय होईल याची धास्ती नव्हती, हेही त्या विजयाचे एक कारण असावे.

याच सुमारास अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी मात्र एक शहाणा प्रयोग चालला होता. तेथील वीज कंपनीने १९१०च्या सुमारास विजेच्या मालवाहू गाड्यांसाठी अशी सोय केली, की मालकाने गाडी बॅटरीविना विकत घ्यावी. बॅटरी वीज कंपनीची. तिने ती भरून द्यायची, उतरली की बदलून द्यायची, निगा राखायची. मालकाने महिन्याचे ठरावीक शुल्क आणि त्यावर धावलेल्या मैलांप्रमाणे पैसे द्यायचे. १९२४पर्यंत ही सेवा चालली आणि तिच्यावर ६० लाखांहून अधिक मैलांची धाव झाली. न्यूयॉर्कमध्ये जे फसले ते हार्टफर्डमध्ये साधले, ते का? बॅटरी ज्याची होती त्यालाच तिची परीक्षा होती. वीज कंपनीच्या पदरी माणसे होती, नोंदवह्या होत्या, आणि बॅटरी वर्षभर अधिक जगली तर होणारा लाभ तिच्याच खिशात पडत होता. म्हातारपण तेथे समर्थ खांद्यावर होते.

इंग्लंडमधील दूधगाड्यांचे उदाहरण याच जातीचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशके तेथे पहाटे घरोघर दूध पोचवले ते विजेच्या हजारो गाड्यांनी, आणि तेही त्याच जुन्या शिशाच्या बॅटऱ्यांवर. वेग थोडा, वाट ठरलेली, थांबे असंख्य, आवाज नाही. दुपारनंतर गाडी डेअरीत परत आणि रात्रभर विजेला जोडलेली. डेअरीचा मेकॅनिक प्रत्येक बॅटरीची प्रकृती जाणून असे. 'विजेची वाहने भरवशाची नसतात' असे म्हणणाऱ्याने या दूधगाड्यांकडे पाहावे. भरवसा यंत्रात जितका असतो, तितकाच तो ते यंत्र कोणाच्या हाती आहे यातही असतो.

मग म्हातारपण सदैव कंपनीनेच सोसावे, म्हणजे झाले? इतके सोपे उत्तर असते तर लेख येथेच संपवता आला असता. कॅलिफोर्नियाने १९९०मध्ये धूरविरहित मोटारींचा आग्रह धरला, त्यातून १९९६मध्ये जनरल मोटर्सची 'ईव्ही वन' ही मोटार आली. ती विकत मिळतच नव्हती. केवळ भाडेपट्ट्याने मिळे. बॅटरी झिजली तर चिंता कंपनीची. १,११७ गाड्या तयार झाल्या आणि चालवणाऱ्यांचा त्यांच्यावर जीव जडला. पुढे कंपनीने तो उद्योग गुंडाळला, २००३च्या सुमारास गाड्या परत मागवल्या आणि बहुतेक सर्व चिरडून टाकल्या. काही जण धनादेश घेऊन उभे होते, 'आम्हांला विकत द्या, पुढचे आम्ही पाहू' म्हणत होते. त्यांना गाडी मिळाली नाही. जोखीम ज्याची, हक्कही त्याचाच, हा व्यवहाराचा नियम त्यांना फार महागात कळला.

आपल्याकडची कथा याच्या नेमकी उलट दिशेची. २००१मध्ये बंगळुरूहून चेतन मैनी यांची 'रेवा' रस्त्यावर आली. सहा-सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या, एका भरणीत सुमारे ८० किलोमीटरची धाव, दोन मोठी माणसे आणि मागे फार तर दोन मुले. ही मोटार विकत मिळत होती. म्हणून तिचे सारे म्हातारपणही मालकाच्या घरी येत होते. काही वर्षांनी आठही बॅटऱ्या बदलण्याची वेळ आली, की आजवर वाचवलेल्या पेट्रोलचे पैसे एका दिवसात बाहेर पडत. लंडनमध्ये हीच गाडी 'जी-विझ' या नावाने विकली गेली. तेथे शहराच्या मध्यभागात शिरण्याचा दंडवजा कर तिला माफ होता, त्यामुळे हिशेब जुळत असे. बंगळुरूच्या मालकाला तशी सवलत नव्हती. २०१०मध्ये महिंद्र समूहाने ही कंपनी घेतली, तोवर दशकभरात जगभर मिळून गाड्या खपल्या होत्या त्या काही हजार. रेवा काळाच्या पुढे होती असे म्हणण्याची पद्धत आहे. गाडी पुढे होती खरी. तिच्या मालकाला एकट्याने पुढे पाठवले गेले, हे अधिक खरे.

शिशाची जागा लिथियमने घेतल्यावर प्रश्न मिटेल, असे वाटणे स्वाभाविक होते. २०१०च्या अखेरीस निसानची 'लीफ' आली. तिच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची वा पंख्याची व्यवस्था नव्हती. २०१२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातून तक्रारी येऊ लागल्या : गाडी दीड-दोन वर्षांचीच, पण बॅटरीतील शक्ती दाखवणाऱ्या रेषा मात्र एकेक करून विझत आहेत. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना ॲरिझोनाच्या उन्हाचे वेगळे वर्णन नको. कंपनीने त्यानंतर बॅटरी किती झिजली तर ती दुरुस्त करून देऊ, हे लेखी मान्य केले. २०१४मध्ये जुनी बॅटरी परत देणाऱ्यास नवी ५,४९९ डॉलरला देऊ केली. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. तोवर हमी असे ती बॅटरी बंद पडण्याची. आता हमी झिजण्याचीही होऊ लागली. मरणापुरते असलेले वचन म्हातारपणालाही लागू झाले.

आजची आठ वर्षांची अथवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी ही त्या घडामोडींची संतती आहे. २०२० साली आलेल्या टाटांच्या 'नेक्सॉन'च्या विजेवरील आवृत्तीला ती होती, आणि बॅटरी द्रवाने थंड ठेवण्याची सोयही होती. आता बॅटरी साधारणपणे वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास झिजते, असे मोठ्या प्रमाणावरील नोंदी सांगतात. म्हणजे आठव्या वर्षी शंभरातील ८०-८५ शिल्लक. ही काही भिण्यासारखी गोष्ट नाही. बॅटरीचा भावही उतरला : २०१०मध्ये साठवणुकीच्या दर युनिटमागे हजाराहून अधिक डॉलर पडत, ते २०२४मध्ये जागतिक सरासरीने ११५ डॉलर झाले. नेक्सॉनच्या त्या पहिल्या ३०.२ युनिटांच्या बॅटरीला हा दर लावला, तर कारखान्याच्या दारातील किंमत तीन लाखांच्या आसपास येते. सुटी घेताना अर्थात अधिक. आता आरंभीच्या कागदाकडे पुन्हा पाहू. आठ वर्षांची बचत सव्वापाच लाख. महिन्याला १००० ऐवजी ५०० किलोमीटरच धाव असेल, तर तीच बचत अडीच-पावणेतीन लाखांवर येते, आणि विजेची मोटार घेताना पेट्रोलपेक्षा जे दोन-चार लाख अधिक मोजले ते तीतच वजा होतात. जो भरपूर धावतो त्याला ही गाडी परवडते. जो रविवारी देवदर्शनास काढतो, त्याने विजेच्या स्वस्ताईवर विसंबून ती घेऊ नये.

भरवशाचेही असेच आहे. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेच्या २०२३च्या पाहणीत विजेच्या मोटारींत पेट्रोलच्या मोटारींपेक्षा ७९ टक्के अधिक तक्रारी आढळल्या. पुढच्याच वर्षी हा फरक ४२ टक्क्यांवर आला. बऱ्याच अंशी ही नव्या घडणीची बाळदुखणी होती. आगीच्या भीतीने शेवरोलेच्या 'बोल्ट' या मोटारी २०२१मध्ये, तोवर बनलेल्या सर्वच्या सर्व, सुमारे १ लाख ४० हजार, दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. तो खर्च मात्र मालकांवर पडला नाही. बॅटरी बनवणाऱ्या एलजी समूहाने जनरल मोटर्सला १९० कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. १८९९ची ती न्यूयॉर्कची कंपनी आणि २०२१ची ही घटना यांत फरक कोणता, असे कोणी विचारले तर हाच. दोष तेव्हाही होते, आजही आहेत. ते कोणी निस्तरायचे, हे आज पुष्कळ अधिक स्पष्ट आहे.

पुष्कळ अधिक, पूर्ण नव्हे. 'एमजी'ने सप्टेंबर २०२४मध्ये भारतात 'विंडसर' ही मोटार आणली, तेव्हा बॅटरीसह किंमत साडेतेरा लाखांपासून आणि बॅटरीविना ९ लाख ९९ हजारांपासून ठेवली. बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळे. हार्टफर्डच्या नोंदवहीतले हे पान शंभर वर्षांनी आपल्याकडे उघडले म्हणायचे. गणित सरळ आहे : साडेतीन लाखांचा फरक साडेतीन रुपयांनी भागला की एक लाख किलोमीटर. पण ते किलोमीटरचे पैसे हे बॅटरीच्या जोखमीचे भाडे आहेत की केवळ कर्जाचा हप्ता वेगळ्या नावाने, हे करारातील बारीक अक्षरांत पाहावे लागते. हार्टफर्डमध्ये बॅटरी मेली तर वीज कंपनीची मरत होती. येथे कोणाची मरते, हे सही करण्यापूर्वी विचारावे. पुण्याच्या पीएमपीएमएलने आणि मुंबईच्या बेस्टने विजेच्या बस आणताना हा प्रश्न बऱ्यापैकी ओळखलेला दिसतो. त्यांतील बहुतांश बस त्यांनी विकत घेतल्याच नाहीत. ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे, बस त्याची, बॅटरी त्याची, तिचे म्हातारपणही त्याचेच. सार्वजनिक संस्थांना जे शहाणपण सुचते ते घरगुती गिऱ्हाइकालाही सुचावे.

या सगळ्यात एक माणूस कोणाच्याच हिशेबात नसतो. तो म्हणजे दुसरा मालक. आपल्याकडे मोटार एका घरात मरत नाही. पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षे फिरलेली गाडी पुढे सांगली-लातूरकडे जाते, तेथून तालुक्याच्या गावी. पेट्रोलच्या गाडीला तेथेही कोणीतरी मिस्त्री भेटतो, इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगणारा. विजेची जुनी मोटार मुकी असते. हमीची आठ वर्षे पहिल्या मालकाने उपभोगलेली. नंतर जो ती घेईल, तो बहुधा पहिल्यापेक्षा कमी ऐपतीचा, आणि म्हातारपण नेमके त्याच्या पदरी. पहिल्या मालकाची सव्वापाच लाखांची बचत खरी ठरते ती काही अंशी या दुसऱ्या माणसाच्या अज्ञानावर. त्याला हे कळू लागले की जुन्या गाडीची किंमत कोसळते आणि तोटा उलटून पहिल्याच्या अंगावर येतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. भारतात २०२२च्या नियमांनी मेलेल्या बॅटरीची विल्हेवाट उत्पादकावर सोपवली आहे. जी अजून मेलेली नाही, नुसती थकली आहे, तिची जबाबदारी मात्र अजून मोकळी आहे. युरोपात फेब्रुवारी २०२७पासून प्रत्येक नव्या मोटारीच्या बॅटरीबरोबर तिच्या जन्माची नि प्रकृतीची नोंद ठेवणे कायद्याने बंधनकारक ठरले आहे. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा पाहिल्यावाचून कोणी विसार देत नाही. बॅटरीचाही सातबारा असावा : ती कधी बनली, किती वेळा भरली, आज तिच्यात किती उरले आहे. तो गाडीबरोबर हस्तांतरित व्हावा आणि तालुक्याच्या गावी बसलेल्या गिऱ्हाइकाला वाचता यावा.

तोवर कागद पुढे ओढणाऱ्या आमच्या मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते, की पेट्रोल आणि वीज यांच्या दोन स्तंभांशेजारी तिसरा एक स्तंभ आखावा आणि त्याच्या डोक्यावर 'आठवे वर्ष' असे लिहावे. त्यात आकडा मांडता आला नाही तरी चालेल. एक नाव मांडता आले पाहिजे. ते नाव आपले असेल तर तेवढे पैसे आतापासून बाजूला ठेवावेत, कंपनीचे असेल तर लेखी घ्यावे. आणि ते नाव एखाद्या अनोळखी माणसाचे असेल, जो आपली गाडी पुढे कधीतरी विश्वासाने विकत घेणार आहे, तर त्याला बॅटरीची खरी प्रकृती सांगण्याचे कर्जही त्याच स्तंभात आजच लिहून ठेवावे.